जन्मतः बहिरी मुलगी, ‘फिट’ आणि न काढलेला ईसीजी : सोलापुरातलं एक प्रकरण

सहा वर्षांची मुलगी, वजन १७ किलो. जन्मापासून दोन्ही कानांनी ऐकू येत नाही, म्हणून बोलत नाही. मूकबधिर मुलांच्या शाळेत जाते, खुणांनी छान बोलते. अडीच वर्षांची असल्यापासून तिला अधूनमधून ‘फिट’ येते. तीन वर्षं फिटवरच्या व्हॅल्प्रोएट या औषधाचं सिरप चालू आहे, फिट थांबलेली नाही. माझ्याकडे येण्याच्या महिनाभर आधी ती शाळेच्या मैदानावर धावण्याच्या शर्यतीत पडली आणि कपाळाला खोक पडली. शाळेतल्या बाईंनी आग्रह धरला म्हणून आई आणि आजी तिला माझ्याकडे घेऊन आल्या.

(ओळख पटू नये म्हणून कुटुंबाचे काही तपशील बदलले आहेत. लिहायला कुटुंबाची परवानगी आहे. त्यांची जात वा समाज मी लिहिणार नाही. प्रकरणाशी त्याचा काही संबंध नाही आणि लिहिला की वाचणारा तेवढंच लक्षात ठेवतो.)

फाइल जाड होती. दोन ईईजी (मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख), दोन्ही नॉर्मल. मेंदूचा एमआरआय, नॉर्मल. कानाची बेरा तपासणी (आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते पाहणारी), दोन्ही बाजूंना अतितीव्र बहिरेपण. रक्तातली औषधाची पातळी दोनदा तपासलेली, दोन्ही वेळा पुरेशी. थोडक्यात, फिटचं औषध नीट दिलं जात होतं आणि तरीही फिट येत होती. ईसीजी मात्र एकही नव्हता. वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर. एमआरआयसाठी त्यांनी उचल घेतली होती. ईसीजी त्याच्या कितीतरी कमी पैशांत, पाच मिनिटांत झाला असता.

मोबाइलमधला पुरावा

निदानाचं अर्धं काम शाळेतल्या बाईंनी करून ठेवलं होतं. शर्यतीचं चित्रीकरण त्यांच्या मोबाइलमध्ये होतं. मी ते पुन्हा पुन्हा पाहिलं.

मुलगी जोरात धावते, मैत्रिणीकडे बघून हसते. मग पावलं अडखळतात, वेग मंदावतो आणि ती तोंडावर पडते. हात पुढे येत नाहीत. पडल्यावर काही सेकंद ती नुसती निपचित आहे, चेहरा पांढराफटक. त्यानंतर अंग ताठ होतं, हातापायाला झटके येतात. कोणीतरी कांदा आणायला पळतं, कोणीतरी चप्पल नाकाशी धरतं. मिनिटाच्या आत तिचे डोळे उघडतात. ती उठून बसते, बाईंना ओळखते आणि अंगठा तोंडाकडे नेऊन पाणी मागते.

या क्रमाकडे नीट पाहायला हवं. आधी पडली, पांढरी पडली, झटके नंतर आले. मिरगीच्या मोठ्या झटक्यात अंग ताठ होणं आणि शुद्ध जाणं बहुधा बरोबरच होतं, आणि झटका ओसरल्यावर मूल बराच वेळ गुंगीत असतं, झोपतं, माणसं ओळखत नाही. इथे मेंदूचा रक्तपुरवठा काही सेकंद थांबला होता आणि झटके त्या उपाशी पडलेल्या मेंदूचे होते. असे झटके पाहून भल्याभल्यांची फसगत होते, कारण झटका दिसतो आणि थांबलेली नाडी दिसत नाही. कपडे ओले झाले म्हणजे मिरगीच, असंही समजू नये. हृदय थांबून शुद्ध गेली तरी लघवी होते.

मग आधीचे प्रसंग एकेक करून विचारले. पहिला, कुत्रं अंगावर आलं तेव्हा. दुसरा, शेजारच्या मुलाशी झटापट करताना. तिसरा, इंजेक्शनची सुई पाहून किंचाळली तेव्हा. झोपेत एकदाही नाही, शांत बसलेली असताना एकदाही नाही. धावपळ, भीती, संताप, म्हणजे दरवेळी शरीरात अॅड्रिनॅलिन उसळलेलं. आईला ही संगती ठाऊक होती. ती म्हणाली, “म्हणून तर आम्ही हिला रडू देत नाही.” हे तिला कोणी विचारलंच नव्हतं.

कागदावरच्या चौकटी

ईसीजी काढला. मशीनने वर छापलं होतं, ‘सायनस रिदम’, म्हणजे हृदयाची नेहमीची लय. ते बरोबरच होतं, पण मशीनच्या छापील ओळीवर थांबायचं नसतं. क्यूटी, म्हणजे ठोक्यानंतर हृदयाला पूर्वपदावर यायला लागणारा वेळ, हाताने मोजायचा, तोही दुसऱ्या किंवा व्ही-५ लीडमध्ये.

नेहमीच्या वेगाने निघालेल्या कागदावर एक लहान चौकट ४० मिलिसेकंदांची. तिच्या पट्टीत क्यू लाटेच्या सुरुवातीपासून टी लाटेच्या शेवटापर्यंत ११ चौकटी भरल्या, म्हणजे ४४० मिलिसेकंद. दोन ठोक्यांमधलं अंतर १६ चौकटी, म्हणजे ०.६४ सेकंद, नाडी मिनिटाला ९४. ठोके जलद असले की क्यूटी आपोआप आखूड होतो, म्हणून तो ठोक्यांच्या वेगानुसार दुरुस्त करून वाचावा लागतो. बॅझेट यांचं १९२० सालचं सूत्र सोपं आहे : क्यूटीला दोन ठोक्यांमधल्या अंतराच्या वर्गमुळाने भागायचं. ०.६४ चं वर्गमूळ ०.८. भागाकार ५५० मिलिसेकंद.

मुलांमध्ये ४६० च्या वर गेलं की आपण थबकतो. वेगवेगळ्या वेळी काढलेल्या ईसीजींत ४८० किंवा त्याहून जास्त आलं, तर युरोपीय हृदयरोग संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तेवढ्यावरही ‘लाँग क्यूटी’ म्हणजे लांबलेल्या क्यूटीच्या आजाराचं निदान करता येतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ईसीजी काढला. आकडा तसाच, टी लाट रुंद पायाची. रक्तातलं पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम ठीक. क्यूटी लांबवणारं कुठलंही औषध चालू नाही.

या आजाराच्या निदानासाठी श्वार्ट्झ यांची गुणपद्धत वापरतात. ४८० च्या वरच्या आकड्याला ३ गुण, ताणाच्या क्षणी शुद्ध हरपण्याला २, जन्मजात बहिरेपणाला अर्धा. बेरीज साडेपाच, साडेतीनलाच शक्यता ‘दाट’ म्हणतात. बहिरेपणाला गुण अर्धाच असला, तरी माझ्या मते या मुलीच्या निदानाची किल्ली तोच होता. मूल जन्मतः बहिरं आहे आणि बेशुद्ध पडतं, हे एका वाक्यात ऐकलं की पहिला विचार जर्व्हेल–लांगे-नील्सन सिंड्रोमचा, म्हणजे लाँग क्यूटीच्या बहिरेपणासह येणाऱ्या प्रकाराचा, यावा.

१९५७ साली नॉर्वेतल्या अँटन जर्व्हेल आणि फ्रेड लांगे-नील्सन या दोन डॉक्टरांनी एका कुटुंबाची हकिगत प्रसिद्ध केली. आई-वडील ऐकणारे. सहा मुलांपैकी चार जन्मतः बहिरी, चौघांनाही बेशुद्ध पडण्याचे झटके, आणि त्यातली तीन अचानक गेली. ईसीजीत क्यूटी लांबलेला. पुढे १९६३ मध्ये इटलीत रोमानो आणि १९६४ मध्ये आयर्लंडमध्ये वॉर्ड यांनी बहिरेपणा नसलेला प्रकार वर्णिला. तो कितीतरी जास्त आढळतो. लाँग क्यूटी एकंदरीत सुमारे दोन हजारांत एकाला असतो. बहिरेपणासह येणारा प्रकार फारच विरळ. पण जिथे नात्यात लग्नं होतात तिथे तो तेवढा विरळ राहत नाही.

एकच जनुक, कान आणि काळीज

कान आणि हृदय यांचा संबंध काय, असं वडिलांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे आणि उत्तर सुंदर आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

अकराव्या गुणसूत्रावर केसीएनक्यू-१ नावाचं जनुक आहे. १९९६ मध्ये ते सापडलं आणि १९९७ मध्ये या सिंड्रोमशी त्याचा संबंध सिद्ध झाला. पेशीच्या आवरणात पोटॅशियम बाहेर सोडणारी एक वाहिनी असते, ती या जनुकापासून बनते. केसीएनई-१ नावाचं दुसरं जनुक त्या वाहिनीचा जोडभाग बनवतं. या सिंड्रोमच्या बहुतेक कुटुंबांत दोष पहिल्यात असतो, थोड्यांत दुसऱ्यात.

हृदयाची पेशी प्रत्येक ठोक्याला विद्युतभारित होते आणि पुढच्या ठोक्याआधी तिला पूर्वपदावर यावं लागतं. पोटॅशियम बाहेर गेलं की ती पूर्वपदावर येते. आपण धावतो किंवा घाबरतो तेव्हा अॅड्रिनॅलिनमुळे ठोके वाढतात, वेळ कमी उरतो, आणि नेमकी तेव्हा ही वाहिनी जास्त जोमाने काम करून पेशीला लवकर तयार करते. वाहिनीच नसेल तर ठोके वाढतात, पण पेशी तयार होत नाही. अशा अर्धवट अवस्थेत एखादा आगंतुक ठोका आला की ‘टोर्साद द प्वाँत’ नावाची पिळवटलेली, अतिजलद लय सुरू होते. हे नाव फ्रेंच डॉक्टर देसेर्तेन यांनी १९६६ मध्ये दिलं. त्या लयीत हृदय थरथरतं, रक्त पुढे ढकलत नाही. लय आपसूक थांबली तर मूल उठून पाणी मागतं. थांबली नाही तर उठत नाही.

आतल्या कानात हीच वाहिनी वेगळं काम करते. शंखाकृती भागात एक द्रव असतो. त्यात पोटॅशियमचं प्रमाण शरीरातल्या इतर बाह्य द्रवांच्या सुमारे तीसपट असतं, आणि ते तिथे सोडण्याचं काम या वाहिनीचं. द्रवच नीट तयार झाला नाही तर आवाज टिपणाऱ्या केसपेशी कामाला लागत नाहीत.

जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. कानाला एक चांगली प्रत पुरते. म्हणून एकच प्रत बिघडलेली माणसं ऐकतात, आणि दोन्ही बिघडलेली मुलं जन्मतः बहिरी असतात. हृदयाचं तसं नाही. एक प्रत बिघडली तरी काहींचा क्यूटी लांबतो, काहींचा जेमतेम वाढतो, काहींचा अजिबात नाही. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

‘किती मुलं झाली?’

मुलं किती आहेत, असं विचारलं तर आई म्हणाली, दोन. ही आणि धाकटा तीन वर्षांचा मुलगा, तो ऐकतो, बोलतो. मी असं कधीच सोडत नाही. “ताई, बाळंतपणं किती झाली?” तेव्हा तिने तीन सांगितली आणि गप्प झाली. पुढचं आजींनी सांगितलं.

पहिली मुलगी दीड वर्षाची असताना जावळाच्या दिवशी गेली. कात्री पाहून जोरात रडायला लागली, रडता रडता मान टाकली. मुलं रडताना श्वास कोंडून निळी पडतात, पण थोड्याच वेळात सावरतात. ही सावरली नाही. हाक मारली तरी वळून पाहायची नाही, हे घरच्यांच्या लक्षात होतं, पण तपासणी झाली नव्हती. गावात काय काय बोललं गेलं असेल ते लिहायची गरज नाही. आईने ते सहा-सात वर्षं अंगावर घेतलं होतं.

आई आजींना ‘आत्या’ म्हणत होती. आपल्याकडे सुना सासूला आत्या म्हणतातच, म्हणून विचारलं, “सख्खी आत्या की म्हणायची आत्या?” सख्खी. म्हणजे वडिलांनी आपल्या सख्ख्या मामाची मुलगी केली होती. केस पेपरवर ‘नात्यात लग्न’ या रकान्यात ‘नाही’ लिहिलेलं होतं. खोटं कोणी सांगितलं नसावं. मामाची मुलगी करणं हे त्यांच्या लेखी नात्यात लग्न करणं नव्हतंच, ती रीत होती. म्हणून रकाना भरण्याऐवजी दोघांच्या आज्या-आजोबांची गावं आणि नाती विचारावीत.

मी कागद घेऊन वंशवृक्ष काढायला बसलो. आजी मोहोळ तालुक्यातल्या एका गावच्या. त्यांना दोन भाऊ, एक सुनेचे वडील आणि दुसरा धाकटा. धाकटा सोळाव्या वर्षी विहिरीत बुडाला. “पट्टीचा पोहणारा होता हो,” आजी म्हणाल्या, “विहिरीतल्या आसराने ओढून नेलं म्हणाले.” या आजाराच्या या प्रकारात पोहणं हे सर्वांत ठळक निमित्त मानलं जातं. पोहता येणारा तरुण मुलगा पाण्यात जातो तेव्हा त्या घरातल्या सगळ्यांचे ईसीजी काढायला हवेत. त्या मुलाचा ईसीजी कधीच निघाला नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल ठामपणे काही म्हणता येणार नाही. वंशवृक्षात मी त्याच्या चौकोनाशेजारी प्रश्नचिन्ह ठेवलं.

आजींनी तो कागद बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “म्हणजे हे माझ्याकडून आलं?” मी त्यांना सांगितलं ते असं : आपल्या प्रत्येकाच्या अंगात अशा काही बिघडलेल्या प्रती असतात, माझ्याही आहेत. त्या कुठे आहेत हे कोणालाच दिसत नाही. तुमच्या आई-वडिलांपैकी एकाकडून एक प्रत तुम्हाला आली, तीच तुमच्या भावाला आली, आणि तुमच्या मुलाचं त्यांच्या मुलीशी लग्न झाल्याने या नातीत दोन्ही एकत्र आल्या. यात कोणी काही केलेलं नाही. सून तेव्हा शेजारीच बसलेली होती. तिच्यासमोर हे बोलणं जितकं आजींसाठी होतं तितकंच तिच्यासाठी.

उपचार, रिपोर्टची वाट न पाहता

जनुक तपासणीसाठी रक्त पाठवलं, पण औषध त्याच दिवशी, रुग्णालयात दाखल करून सुरू केलं. रिपोर्टला काही आठवडे लागतात आणि ५५० चा आकडा वाट पाहण्याचा नव्हता.

औषध प्रोप्रानोलॉल. बीटा ब्लॉकर (हृदयावरचा अॅड्रिनॅलिनचा परिणाम अडवणाऱ्या) गटातली सगळी औषधं इथे सारखी नाहीत. प्रोप्रानोलॉल आणि नॅडोलॉल यांचा अनुभव चांगला आहे, मेटोप्रोलॉलचा कमी. दम्याचा त्रास नाही याची खात्री करून, हळूहळू वाढवत, किलोमागे दिवसाला सुमारे ३ मिलिग्रॅमपर्यंत नेलं : सकाळी २०, दुपारी १०, रात्री २०. दुपारच्या गोळीची जबाबदारी शाळेतल्या बाईंनी घेतली. गोळी चुकवायची नाही, लग्नकार्य असो वा प्रवास. आणि गोळी उपाशीपोटी द्यायची नाही, कारण लहान मुलांत या औषधाने साखर उतरू शकते. उलट्या होऊन गोळीही टिकत नाही आणि जेवणही टिकत नाही अशी वेळ आली तर घरी थांबायचं नाही, थेट दाखल व्हायचं. मेंदूविकारतज्ज्ञांशी बोलून व्हॅल्प्रोएट टप्प्याटप्प्याने बंद केलं.

मग टाळायच्या औषधांची यादी. मला यातलं सगळ्यात जास्त भय वाटतं ते याचंच, कारण धोका कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतो. सर्दी-खोकल्याला अझिथ्रोमायसिन, उलटीला ऑन्डॅन्सेट्रॉन किंवा डॉमपेरिडोन, जुलाबाला सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन, बुरशीला फ्लुकोनॅझोल, हिवतापाला क्लोरोक्विन. ही सगळी क्यूटी लांबवतात, कमी-अधिक प्रमाणात. सर्दीच्या सिरपमध्ये नाक मोकळं करणारा जो घटक असतो तो अॅड्रिनॅलिनसारखं काम करतो, तोही नको. सोलापुरात मे महिन्यात पारा ४३ च्या आसपास असतो, घाम आणि जुलाब दोन्हींतून पोटॅशियम जातं, आणि नेमक्या त्याच वेळी कोणीतरी उलटीची आणि जुलाबाची गोळी एकत्र देतं. ठणठणीत मुलाला त्याने सहसा काही होत नाही. या मुलीला होऊ शकतं. म्हणून यादी मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून, प्लास्टिकमध्ये घालून तिच्या दप्तरात आणि घरच्या कपाटावर लावली. उन्हाळ्यात ओआरएस घरात कायम असलं पाहिजे.

शर्यत बंद, पोहणं बंद, गड्ड्याच्या यात्रेतले मोठे पाळणे बंद. चालणं, चित्रं, कॅरम, मैत्रिणींबरोबर साधं खेळणं चालू. यावर मी ठाम होतो. भीतीपोटी अशा मुलीला कोंडून ठेवतात. शाळा ही तिची एकमेव जागा होती जिथे तिची भाषा बोलणारी माणसं होती. शाळेतल्या सगळ्या शिक्षकांना छातीवर दाब देऊन जीव वाचवण्याचं प्रशिक्षण दिलं आणि १०८ ला फोन करून काय शब्दांत सांगायचं तेही ठरवलं : “हृदयाच्या लयीचा आजार असलेली मुलगी बेशुद्ध आहे.” ‘फिट आली’ म्हणायचं नाही.

या सिंड्रोममध्ये निव्वळ गोळ्यांवर विसंबता येत नाही. निम्म्या मुलांना पहिला झटका तीन वर्षांच्या आतच येतो आणि गोळ्या चालू असतानाही पुष्कळांना झटके येतात. म्हणून पुढचा निर्णय मुंबईच्या हृदयलयतज्ज्ञांबरोबर घेतला. दोन वाटा होत्या. एक, आयसीडी : शरीरात बसवायचं यंत्र, धोक्याची लय दिसली की विजेचा झटका देऊन ती मोडतं. जीव वाचवण्यात त्याला तोड नाही. पण १७ किलोच्या मुलीत तारा वाढत्या शरीराबरोबर ताणल्या जातात, काही वर्षांनी बॅटरी बदलावी लागते, आणि शुद्धीत असताना झटका बसला तर भीतीने अॅड्रिनॅलिन वाढून पुढचा झटका ओढवू शकतो. जिला काय घडतंय हे आवाजाने समजावता येत नाही, त्या मुलीच्या बाबतीत हा मुद्दा मला जड वाटला. दुसरी वाट, हृदयाकडे जाणाऱ्या डाव्या बाजूच्या सहानुभावी मज्जातंतूंचा भाग छातीतून दुर्बिणीने काढणं. त्याने हृदयावर होणारा अॅड्रिनॅलिनसदृश मारा कमी होतो.

आधी शस्त्रक्रिया, आयसीडी पुढे, असं ठरलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना क्यूटीची कल्पना आधीच देऊन ठेवली होती. अशा मुलांत मॅग्नेशियम आणि डिफिब्रिलेटर (विजेचा झटका देऊन लय सुधारणारं यंत्र) हाताशी ठेवूनच भूल द्यायची असते. खर्चाचा मोठा भाग धर्मादाय निधीतून उभा राहिला. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला गेलेली मुलगी आठवड्याने परत आली. तिचा डावा तळहात आता उजव्यापेक्षा कोरडा आणि गरम असतो, हे तिनेच मला माझा हात धरून दाखवलं. डाव्या पापणीला किंचित झुकाव येण्याची शक्यता सांगितली होती; तो आला नाही.

रिपोर्ट आणि घरातली बाकीची माणसं

केसीएनक्यू-१ च्या दोन्ही प्रतींत एकच बदल, असा की प्रथिन अर्ध्यावरच तुटतं. वर्ग ‘रोगकारक’. २०१५ च्या अमेरिकी मानकांनुसार जनुकीय बदल पाच वर्गांत मांडतात. मधला वर्ग ‘अनिश्चित अर्थाचा’. तसा रिपोर्ट आला असता तर घरातल्या कोणाचीही तपासणी त्यावरून करणं चुकीचं ठरलं असतं. हे मी रक्त घेण्याआधीच आई-वडिलांना सांगितलं होतं, कारण नंतर सांगितलं की पटत नाही.

आता एकच ठरावीक बदल शोधायचा असल्याने बाकीच्यांची तपासणी स्वस्त झाली. आई आणि वडील दोघांत एकेक बिघडलेली प्रत. आईचा दुरुस्त क्यूटी ४६९, वडिलांचा ४४०. धाकट्या मुलातही एक प्रत, क्यूटी ४५२. तो ऐकतो, म्हणून घरच्यांनी तो सुटला असं धरलं होतं. बहिरेपणातून तो सुटला होता, क्यूटीतून पुरता नाही. मुलग्यांत या जनुकाच्या एका प्रतीचा धोका वयात येण्याआधीच्या वर्षांत जास्त असतो, म्हणून त्याला कमी मात्रेत गोळी सुरू केली. आईलाही सुरू केली. वडिलांची ट्रेडमिल चाचणी घेतली. धावणं थांबल्यावर चौथ्या मिनिटाला क्यूटी लांबलेला नव्हता. त्यांनी औषध न घेता पथ्यं पाळायचं ठरवलं, आणि ते त्यांना पुरेसं समजावून झाल्यावर मी मान्य केलं. औषधांची यादी मात्र चौघांनाही एकच.

पुढच्या गरोदरपणात काय, हेही बोलणं झालं. दर खेपेला दोन्ही बिघडलेल्या प्रती येण्याची शक्यता चारात एक. अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा नमुना घेऊन ते कळू शकतं; १९९४ चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा अशा आजारासाठी तपासणीला परवानगी देतो, लिंग सांगायला मनाई करतो. त्यांना सध्या आणखी मूल नको आहे.

ठरलेलं लग्न

रिपोर्ट घेऊन गेल्यावर दोन आठवड्यांनी वडील एकटेच आले. त्यांच्या धाकट्या भावासाठी बायकोची धाकटी बहीण बघितली होती. सुपारी फुटली होती, तारीख धरायची होती. तीही मामाचीच मुलगी. “डॉक्टर, हे लग्न मोडायचं का?”

लग्न मोडा असं मी कोणालाही सांगत नाही. मामेभावंडांच्या लग्नात मुलाला जन्मजात गंभीर आजार असण्याची शक्यता सर्वसाधारण जोडप्यापेक्षा दोन-तीन टक्क्यांनी जास्त असते; म्हणजे बहुसंख्य मुलं निरोगीच जन्मतात. पण या घरात प्रश्न अंदाजाचा उरला नव्हता. बदल कोणता आहे ते ठाऊक होतं. भावाकडे तो असण्याची शक्यता निम्मी, मुलीकडेही निम्मी. दोघांकडे निघाला तर दर गरोदरपणात चारात एक. एकाकडेच निघाला तर बहिरेपणाचा आणि या तीव्र प्रकाराचा प्रश्नच नाही.

कुटुंबाची पहिली सूचना होती, मुलीची तपासणी करा. मी नाही म्हटलं. भावाची आधी करू. त्याच्याकडे बदल निघाला नाही तर या लग्नापुरती मुलीची तपासणी करायची गरजच पडणार नाही. तिच्याकडे निघाला आणि लग्न झालं नाही, तर गावात ती ‘काळीज खराब असलेली मुलगी’ म्हणून कायमची ओळखली जाईल. भावाच्या बाबतीत तसं होणार नाही, हे आपण सगळे जाणतो. दोन तपासण्यांपैकी कुठली आधी करायची याला वैद्यकीय कारण नसेल, तेव्हा ज्याचं नुकसान कमी त्याची आधी करावी. भाऊ स्वतः आला, सगळं ऐकून घेतलं, सही केली.

त्याच्यात बदल निघाला नाही. लग्न झालं. नवरीचा साधा ईसीजी मात्र मी आग्रहाने काढून घेतला, तिच्या स्वतःच्या जिवासाठी. क्यूटी ४४० होता. तिच्यात एक प्रत असू शकते, नसूही शकते. जनुक तपासणी कधी करायची ते तिने ठरवायचं, आणि तोवर औषधांची यादी तिच्याकडेही आहे. त्यांच्या मुलांना तीव्र प्रकार होणार नाही; पण तिच्यात एक प्रत असेल तर ती मुलांकडे जाऊ शकते, हे दोघांनाही सांगितलं आहे.

आजची स्थिती

शस्त्रक्रियेला वर्ष होऊन गेलं. मुलगी एकदाही पडलेली नाही. दुरुस्त क्यूटी ५५० वरून ५१० च्या आसपास आला आहे. तो ५०० च्या खाली उतरला असता तर मला जास्त निर्धास्त वाटलं असतं. शस्त्रक्रियेनंतरही ५०० च्या वर राहणाऱ्यांत पुढे झटके येण्याचा धोका अधिक असतो. म्हणून वजन वाढलं की आयसीडी बसवायचा विषय मुंबईच्या तज्ज्ञांनी पुन्हा काढायचा ठरवला आहे, आणि आई-वडिलांना तो दिवस येणार हे माहीत आहे. दर तीन महिन्यांनी वजन करून गोळीची मात्रा वाढवतो. वजन वाढतं आणि मात्रा तीच राहते, हे या औषधात फार वेळा घडतं.

तिच्या शाळेतल्या सगळ्या मुलांचे ईसीजी काढले. क्यूटी हाताने मोजले. आणखी कोणाचा लांबलेला निघाला नाही. जिल्ह्यातल्या बाकीच्या मूकबधिर शाळांच्या मुख्याध्यापकांना पत्रं गेली आहेत. दोन शाळांनी तारीख दिली आहे.